एकवीस दिवसांचे इंजेक्शन

हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीचे अब्बा येतात. पोट थोडे सुटलेले, दुकानाची काळजी, दिवसातून पाच-सहा वेळा चहा, दावतीत मटणाच्या रश्श्यावर आलेला तेलाचा तवंग. तेल, मीठ, तंबाखू, रक्तदाब आणि फजरनंतरचे चालणे याबद्दल या सदरात आम्ही वेळोवेळी लिहीत असतो आणि पुढेही लिहू. या महिन्यात मात्र अशा एका हृदयविकाराबद्दल लिहायचे आहे जो अब्बांना नव्हे, पाचवी-सहावीत शिकणाऱ्या लेकराला धरतो. त्याचा तेलाशी संबंध नाही, वजनाशी नाही, टेन्शनशी नाही. त्याची सुरुवात घसादुखीतून होते. डॉक्टर त्याला रुमॅटिक हृदयरोग म्हणतात. आपल्या घरांमध्ये त्याला 'व्हॉल्व्हचा आजार' म्हणतात, आणि पुष्कळ घरांमध्ये त्याचे नावच घेतले जात नाही. मुलीला असेल तर मुळीच नाही.

आधी एक गल्लत दूर करू. जन्मतः हृदयाला छिद्र असणे हा वेगळा आजार. तो आईच्या पोटातच तयार होतो. आम्ही ज्याबद्दल बोलत आहोत ते मूल चांगले ठणठणीत जन्मलेले असते, खेळत असते, शाळेत येत असते. साधारण ५ ते १५ वर्षांच्या वयात त्याला स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे घशाचा संसर्ग होतो. ताप येतो, गिळताना दुखते, चार-पाच दिवसांत बरेही वाटते. दोन-तीन आठवडे जातात. मग एखाद्या सकाळी गुडघा सुजतो.

मधल्या काळात काय झालेले असते? आपले शरीर त्या जंतूशी लढण्यासाठी जी फौज तयार करते, तिला काही मुलांमध्ये आपला-परका ओळखू येत नाही. जंतूच्या अंगावरचा एक घटक आणि आपल्या हृदयातील झडपांचा पदार्थ यांच्यात साम्य असते. फौज चुकून घरच्यांवरच चालून जाते. हृदयात चार झडपा असतात. रक्त एका दिशेने पुढे जावे, मागे फिरू नये म्हणून त्या दर ठोक्याला उघडतात आणि मिटतात. दिवसाकाठी एक लाखाच्या आसपास वेळा. त्यांपैकी डाव्या बाजूची मायट्रल झडप या हल्ल्यात सर्वांत जास्त सापडते. ती सुजते, मग हळूहळू जाड होते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात. काही जणांत ती नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळते. काही जणांत ती नीट उघडतच नाही. हे एका दिवसात होत नाही, वर्षे लागतात. म्हणूनच बारा वर्षांच्या मुलीचा आजार बाविसाव्या वर्षी कळतो.

आता सांध्यांचे दुखणे. हे ओळखता आले पाहिजे, कारण आपण मोठी माणसे याला 'वाढीचे दुखणे' म्हणून मोकळी होतो. वाढीच्या दुखण्यात मूल रात्री पाय दाबून मागते आणि सकाळी उड्या मारते. सांध्यावर सूज नसते. रुमॅटिक तापात मोठे सांधे धरतात: गुडघा, घोटा, कोपर, मनगट. सांधा सुजतो, गरम लागतो, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. आणि दुखणे फिरते. आज उजवा गुडघा, परवा तो बरा झाला आणि घोटा धरला. सोबत ताप. वेदनाशामक गोळी दिली की एक-दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखा आराम पडतो. गोळी न देताही काही आठवड्यांत सांधे पूर्ववत होतात, मागे काही व्यंग राहत नाही. घरचे निश्चिंत होतात. सांध्यांचे दुखणे गेले; हृदयाला जे लागायचे ते लागून गेले.

याच आजाराचे आणखी एक रूप आहे, आणि आम्हा शिक्षकांना ते घरच्यांच्याही आधी दिसू शकते. चांगले अक्षर असलेल्या मुलीचे अक्षर अचानक बिघडते. उर्दूचे नुक्ते जागेवर पडत नाहीत, मराठीची शिरोरेषा थरथरते. हातातून पेन सुटतो, घरी पेला पडतो. खांदे, बोटे, चेहरा आपोआप हलतात. मूल तोंड वेडावते आहे असे वाटते. उगाच रडू येते, उगाच हसू येते. झोपेत हे सगळे थांबते. घशाच्या संसर्गानंतर कित्येक आठवडे, कधी काही महिने गेल्यावर हे सुरू होते, त्यामुळे घशाशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. मुलांपेक्षा मुलींमध्ये ते जास्त दिसते. वैद्यकशास्त्रात याला कोरिया म्हणतात (देशाच्या नावाशी काही संबंध नाही). शाळेत अशा मुलीला बेशिस्त ठरवले जाते आणि मोहल्ल्यात 'असर झाला आहे' म्हणतात. मग नजर उतरवणे, आमिलकडे जाणे, गळ्यात ताबीज. दोन-तीन महिन्यांत हातांचे हलणे बहुधा आपोआप थांबते आणि श्रेय ताबीजला जाते. दुआ जरूर करावी, दुआ कोण नको म्हणतो? पण ज्या आमिलने पैसे घेऊन 'आता काही नाही, सुखाने राहा' असे सांगितले, त्याने त्या मुलीच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला नसतो. अशा मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि टू-डी इको ही तपासणी करून घ्यावी. सोनोग्राफीसारखी असते, दुखत नाही, सुई नाही.

मग प्रत्येक घसादुखीला घाबरायचे का? नाही. बहुतेक घसादुखी साध्या विषाणूमुळे होते. नाक वाहते, खोकला असतो, आवाज बसतो, डोळे पाणावतात. तिथे गरम पाणी, मिठाच्या गुळण्या आणि आराम पुरे. डॉक्टरांकडे हट्टाने अँटिबायोटिक मागू नये. पण खोकला-सर्दी काहीच नाही, एकाएकी जोराचा ताप, थुंकी गिळतानाही कळ, टॉन्सिल लाल किंवा पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, असे असेल तर मुलाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले तर रुमॅटिक ताप टाळता येतो. औषधही जगावेगळे नाही, जुने पेनिसिलिन किंवा त्याच्या कुळातले अमॉक्सिसिलिन. गोळ्या किंवा पातळ औषध असेल तर सहसा दहा दिवस देतात. आपल्याकडे होते असे की तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, अम्मी बाटली कपाटात ठेवून देतात आणि उरलेले औषध पुढच्या महिन्यात धाकट्याला देतात. दहा दिवस म्हणजे दहा दिवस.

हा जंतू गर्दीत फोफावतो. एका खोलीत आठ माणसे, एका गादीवर तीन मुले, खिडकी बंद, पेला एकच. युरोप आणि अमेरिकेत हा आजार पूर्वी भरपूर होता. पेनिसिलिन मिळण्याच्या आधीच तिथे तो कमी होऊ लागला होता, कारण लोकांची घरे सुधारली, गर्दी कमी झाली. आपल्या चाळी, झोपडपट्ट्या, वसतिगृहे आणि निवासी मदरसे पाहिले की हा आजार आपल्याकडे अजून का टिकून आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. घर मोठे करणे हातात नाही; पण खिडकी उघडणे, झोपताना एकाचे डोके दुसऱ्याच्या पायाशी ठेवणे, आजारी मुलाचा पेला वेगळा ठेवणे एवढे हातात आहे. मदरशाच्या व्यवस्थापकांनी मुलांच्या झोपण्याची जागा या नजरेने एकदा पाहावी अशी आमची विनंती आहे.

आता ज्या घरात हा आजार येऊन गेला आहे त्यांच्यासाठी. एकदा रुमॅटिक ताप आला की पुढच्या प्रत्येक अशा घसादुखीत तो उलटण्याची भीती असते, आणि प्रत्येक उलटी झडपेला आणखी खराब करते. म्हणून अशा मुलांना बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. ते स्नायूत दिले की हळूहळू रक्तात उतरत राहते आणि साधारण तीन आठवडे राखण करते. त्यामुळे आपल्याकडे ते दर २१ दिवसांनी घ्यायला सांगतात. पुष्कळ घरांत त्याचे नावच 'एकवीस दिवसांचे' पडले आहे. किती वर्षे? हृदयाला काही झाले नसेल तर किमान पाच वर्षे, किंवा मूल अठरा-एकवीस वर्षांचे होईपर्यंत, जे उशिरा येईल ते. हृदयाला सूज येऊन गेली असेल तर दहा वर्षे किंवा पंचविशीपर्यंत. झडप बरीच खराब असेल तर चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर. नेमके किती ते हृदयरोगतज्ज्ञ सांगतील. शेजारच्या चाचींनी 'माझ्या भाच्याने दोन वर्षांत बंद केले, काही झाले नाही' असे सांगितले तर ऐकून घ्यावे आणि इंजेक्शनला जावे.

हे इंजेक्शन दुखते, हे कबूल करायला हवे. मूल दोन दिवस लंगडते. औषध फ्रीजमधले थंडगार न देता खोलीच्या तापमानाला आणून, सावकाश दिले तर दुखणे कमी होते. नर्सताईंना तसे नम्रपणे सांगता येते. पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन येईल या भीतीने काही छोटे दवाखाने ते द्यायलाच नकार देतात. गंभीर रिअ‍ॅक्शन क्वचित येते, पण येऊ शकते, म्हणून ते घरी कंपाउंडरकडून न घेता जिथे तातडीची औषधे हाताशी असतात अशा रुग्णालयात घ्यावे. याच्या अगदी उलट प्रकारही चालतो. सांधे दुखतात म्हणून रक्ताची 'एएसओ' चाचणी होते, आकडा वाढलेला दिसतो आणि लगेच २१ दिवसांची इंजेक्शने सुरू. त्या चाचणीवरून इतकेच कळते की काही दिवसांपूर्वी या जंतूचा संसर्ग होऊन गेला. शाळकरी मुलांत तो अनेकांना होतो. तेवढ्या एका आकड्यावर कोणी पाच वर्षांचे इंजेक्शन लिहून दिले तर इको करून दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे.

आणि आता तो विषय, ज्यासाठी खरे तर आम्ही हे सगळे लिहायला घेतले. रिश्ता.

मुलाला हा आजार असेल तर घरात लपवाछपवी कमी असते. मुलीला असेल तर सहावीपासूनच 'कोणाला सांगू नकोस' सुरू होते. इंजेक्शनला जायचे ते दूरच्या रुग्णालयात, शेजारच्यांनी विचारले तर 'दात दाखवायला गेलो होतो'. दहा-दहा वर्षे आईवडील पोटाला चिमटा काढून, एकही तारीख न चुकवता इंजेक्शन देतात. आम्ही असे आईवडील पाहिले आहेत. त्यांच्या पायांची धूळ घ्यावी. आणि निकाह ठरला की तेच आईवडील मुलीला सांगतात, आता बंद कर, सासरी कळेल. आजार तोच, झडप तीच, पण मेहंदीच्या दिवसापासून औषध बंद.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या बाबतीत हा प्रश्न आमच्या दारात आला. मुलगी विसाव्या वर्षात, रिश्ता चांगला, मुलगा मेहनती. झडप थोडी गळत होती, डॉक्टरांनी लग्नाला हरकत नाही म्हणून सांगितले होते. आई विचारत होती, "टीचर, सांगायचे की नाही? सांगितले तर मोडेल. नाही सांगितले तर माझी लेक मरेल का?" आम्ही म्हटले, सांगा. डॉक्टरांचा कागद घेऊन सांगा, निकाहआधी सांगा. त्यांनी सांगितले. रिश्ता मोडला. त्या घराने आमच्याकडे येणे-जाणे कमी केले, रस्त्यात भेटल्या तर सलाम होतो, एवढेच. मुलगी शिकते आहे, इंजेक्शन चालू आहे. पुन्हा कोणी विचारले तर आमचे उत्तर तेच राहील.

कारण दुसऱ्या बाजूला काय होते तेही पाहू. गरोदरपणात बाईच्या अंगातले रक्त जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. निरोगी हृदय ते पेलते. पण जिची मायट्रल झडप अरुंद झाली आहे, तिच्या हृदयात एवढे रक्त अरुंद दारातून जाऊ शकत नाही. ते मागे फुप्फुसांत साचते. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर धाप लागू लागते. रात्री आडवे पडता येत नाही, उशा वाढत जातात, मग बसूनच रात्र काढावी लागते. कोरडा खोकला, छातीत धडधड, कधी थुंकीतून रक्त. सासूबाई म्हणतात, पहिलटकरीण आहे, होते असे. त्यांचा काय दोष? त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. बाळंतपणात आणि त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तर हा धोका फार मोठा असतो. कित्येक जणींना आपल्याला झडपेचा आजार आहे हे पहिल्यांदा कळते तेच गरोदरपणात, कारण लहानपणी गुडघे सुजले होते हे कोणाला आठवतही नाही. त्यांचे एक वेळ समजू शकतो. पण जिला माहीत होते आणि बोलू दिले नाही, तिचे काय?

वेळेवर कळले तर बरेच करता येते. अरुंद झडप फुग्याने रुंद करतात: मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात, झडपेत छोटा फुगा फुगवतात, चिकटलेल्या कडा सुटतात. कानजी इनोउए या जपानी शल्यविशारदांनी हा फुगा शोधला. छाती उघडावी लागत नाही, आणि अगदी गरज पडली तर गरोदरपणातही हे करता येते. झडप फारच बिघडली असेल तर बदलावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वल्याथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कृत्रिम झडप तयार केली. ती १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली. त्याआधी आपण परदेशी महागड्या झडपांवर अवलंबून होतो. काही झडपा जनावरांच्या ऊतींपासून बनवतात, त्यांत डुकराच्याही असतात. याबद्दल मनात प्रश्न असेल तर शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. धातूच्या किंवा गोवंशीय ऊतींच्या झडपाही असतात.

धातूची झडप बसवलेल्या बाईला रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज घ्यावी लागते. ही गोळी पहिल्या महिन्यांत पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, आणि आपल्या मनाने बंद केली तर झडपेत गुठळी होऊन आईच्या जिवावर बेतते. म्हणून मूल हवे असेल तर दिवस जाण्याच्या आधी नवरा-बायकोने मिळून हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे. लपवलेल्या आजारात ही भेट कशी होणार? एकवीस दिवसांचे इंजेक्शन मात्र गरोदरपणात आणि बाळाला पाजतानाही चालते, ते थांबवायचे नसते.

मुलांकडच्यांनाही दोन शब्द. झडपेचा सौम्य आजार असलेल्या बायका संसार करतात, नोकरी करतात, त्यांना मुले होतात. कागद समोर ठेवणारे आईवडील तुमच्याशी प्रामाणिक आहेत. 'नाही' म्हणायच्या आधी त्याच कागदासह तज्ज्ञांकडे एक फेरी मारा. आणि नाहीच म्हणायचे असेल तर म्हणा, पण बिरादरीत त्याची चर्चा करू नका.

शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयविकार आणि रुमॅटिक हृदयरोग या दोन्हींची तपासणी आहे. आमचा अनुभव असा की त्या दिवशी मोठ्या मुलींची हजेरी घटते. छातीला स्टेथोस्कोप लावणार म्हणून घरचे पाठवत नाहीत. पथकात एक डॉक्टर महिला असतात. मुलीला त्या तपासतील अशी व्यवस्था शिक्षकांना सांगून करता येते, पण मुलीला घरी ठेवू नये. हे पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाते. विनाअनुदानित शाळा किंवा मदरशात मूल असेल तर वर्षातून एकदा जवळच्या आरोग्य केंद्रात आपणच न्यावे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रिया बसतात. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. जमीन किंवा दागिने विकण्याच्या आधी रेशन कार्ड घेऊन त्यांना भेटा.

दातांचेही सांगायचे राहिले. खराब झडपेवर तोंडातले जंतू रक्तावाटे जाऊन बसतात आणि मोठे दुखणे होते. म्हणून अशा रुग्णाने दोन वेळा दात घासावेत, मिसवाक करावा, मिशेरी मात्र कायमची बंद. दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना झडपेचा आजार आधी सांगावा.

रमजानबद्दल नेहमी विचारले जाते. झडप फार बिघडलेली नसेल तर अनेक जण रोजे ठेवतात. लघवीच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वेळा आणि पाणी कसे सांभाळायचे ते रमजानच्या एक महिना आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. डॉक्टर नको म्हणाले तर आजारी माणसाला शरियतने सवलत दिलेलीच आहे. इंजेक्शनची तारीख रोजाच्या दिवशी आली आणि मनात शंका असेल तर ते इफ्तारनंतर घ्यावे, किंवा एक-दोन दिवस आधी घेऊन टाकावे. पुढे ढकलू नये. तारीख मोबाइलमध्ये, शिवाय स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरही लिहावी, जिथे घरातल्या सर्वांना ती दिसेल, सासरच्या घरातही.